पकडता येतं, सोडता येत नाही

पत्र थोडक्यात असं आहे: वय ५४. चौदा महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालतात. हात मात्र अर्धवट राहिला. मनगट थोडं उचलतं, बोटं जराशी उघडतात, ग्लास पकडता येतो पण सोडता येत नाही, डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. "सहा महिन्यांत यायचं तेवढं येतं, पुढे काही नाही" असं सुरुवातीलाच कुणीतरी सांगितलं होतं ते डोक्यात बसलंय. आता दोन्ही मुलांनी दुसऱ्या शहरातलं एक मोठं रिहॅब सेंटर शोधलंय, रोबोटिक मशीन आहे, तीन महिने तिथे राहायचं, आणि त्यासाठी घरावर लोन काढायचं. घर यांच्या नावावर. सही येत नाही, त्यामुळे बँकेत शाईचा पॅड पुढे सरकवला जाणार. यांना मनातून हे नकोय. नाही म्हटलं तर मुलं म्हणतील बाबांनी हात टेकले, हो म्हटलं आणि फरक नाही पडला तर कर्ज मुलांच्या डोक्यावर. जाता जाता एक ओळ लिहिलीय: "शर्टाची बटणं लावायला मला अकरा मिनिटं लागतात, बायको वीस सेकंदात लावते, म्हणून तीच लावते." हे सगळं डाव्या अंगठ्याने फोनवर चार दिवस टाइप केलंय आणि खाली नाव दिलंय "अंगठाबहाद्दर".

*

नमस्कार अंगठाबहाद्दर,

नाव वाचून आधी हसले, मग पत्र परत वरून वाचलं आणि हसू गेलं. आयुष्यभर सह्या केलेल्या माणसाला शाईचा पॅड पुढे सरकवला जाणं काय असतं ते तुम्ही फार न लिहिताच कळलं. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, तुमचा हात मी बघितलेला नाही, हे आधीच सांगते. पण हा विषय घरात भोगलेला आहे आणि त्यानंतर बरंच वाचलंय, विचारलंय, त्यातून बोलते.

सहा महिन्यांचं आधी बघू कारण तुमच्या पत्रातलं बाकी सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. ते वाक्य अगदी हवेतून आलेलं नाही. स्ट्रोकनंतर सुरुवातीला मेंदू स्वतःहून बराच सावरतो, सूज उतरते, शेजारचे भाग कामाला लागतात, आणि पहिल्या तीनेक महिन्यांत जी झपाट्याने सुधारणा दिसते तशी पुढे दिसत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतली एक छोटी चाचणी आली, ७२ जणांची, त्यात वीस तासांचा जादा सराव काहींना पहिल्या महिन्यात दिला, काहींना दोन-तीन महिन्यांनी, काहींना सहा महिने उलटल्यावर. सगळ्यात जास्त फायदा दोन-तीन महिन्यांवाल्यांना झाला, सहा महिन्यांवाल्यांना म्हणण्यासारखा नाही. तेव्हा वेळेला काही किंमत नसते असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाहीये. पण त्या उशिराच्या लोकांना मिळाले किती तास, तर वीस. लंडनला क्वीन स्क्वेअरमध्ये फक्त हातासाठी एक प्रोग्रॅम चालतो, तीन आठवड्यांत नव्वद तास, तिथल्या २२४ पेशंटचा हिशोब २०१९ मध्ये छापून आला. त्यातल्या निम्म्या लोकांना स्ट्रोक होऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालेलं, म्हणजे तुमच्यापेक्षा जुने, आणि तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी बघितलं तर ते टिकलेलंही होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे जरा मीठमसाला काढून वाचायचं, पण दार बंद झालं असतं तर एवढ्या लोकांना ते उघडं कसं सापडलं? मला वाटतं होतं असं की सहाव्या महिन्याच्या आसपास फिजिओची सेशन्स संपतात, पैसे संपतात, घरच्यांची रजा संपते, आणि सुधारणा थांबली ती नेमकी कशामुळे हे मग कुणी वेगळं काढून बघत नाही.

आता रोबोट. इथे मुलांचा गैरसमज आहे आणि तो अगदी समजण्यासारखा आहे, मशीन मोठं, स्क्रीनवर आकडे, हात पट्ट्यात अडकवला की आपोआप हलतो, बघणाऱ्याला वाटतंच की हेच पाहिजे होतं. पण ब्रिटनमध्ये ७७० लोकांवर याची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला रोबोट, एकाला तेवढाच वेळ थेरपिस्टकडून हाताच्या कामांचा सराव, आणि तिसऱ्याला नेहमीची ट्रीटमेंट. पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. रोबोटवाल्यांचा हात तपासणीत थोडा सुटलेला दिसला, पण रोजच्या कामात हात वापरायची वेळ आली तेव्हा नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा फरक काही निघाला नाही. चालण्याबद्दल पण अशीच एक अमेरिकन चाचणी आहे २०११ ची, ४०८ लोक, एकीकडे पट्ट्याने उचलून धरून ट्रेडमिलवर चालवणं आणि दुसरीकडे फिजिओने घरी येऊन ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम घेणं, वर्षाने दोघं सारखेच. मजा म्हणजे त्यात ट्रेडमिलचा एक गट दोन महिन्यांनी सुरू झाला आणि एक चक्क सहा महिन्यांनी, वर्षाच्या शेवटी तेही एकाच जागी पोचले.

याचा अर्थ रोबोट फसवाफसवी आहे असा नाही हां. ज्याचा हात बिलकुल हलत नाही त्याला सराव करायचा तरी कशाने, तिथे मशीन हात धरून शेकडो वेळा हलवून देतं आणि थकत नाही, थेरपिस्टची कंबर वाचते ती वेगळीच. पण तुमची बोटं थोडी का होईना उघडतायत. तुमच्यासारख्याला मशीनमधून मिळणारी मुख्य गोष्ट एकच, संख्या. आणि संख्या ही फक्त मशीनची मक्तेदारी नाही.

संख्येवरून एक गोष्ट सांगते, ती वाचली तेव्हा मी फोन खाली ठेवून दिला होता. २००९ मध्ये काही संशोधकांनी सेंटरांमध्ये बसून नुसतं मोजलं, स्ट्रोकच्या पेशंटचा एका सेशनमध्ये हात कामासाठी किती वेळा हलतो. उत्तर आलं सरासरी ३२. बत्तीस! प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोजच्या काही शे वेळा लागल्या होत्या. मधला वेळ कुठे जातो हे जे कुणी फिजिओला जाऊन आलेत त्यांना माहितीय, शेक घ्या, करंट लावा, पुढचा पेशंट आला, थोडं थांबा, झालं. माझ्या घरच्या पेशंटची सेशन्स तासाची असायची आणि हात प्रत्यक्ष हलायचा दहा मिनिटं, आणि आम्ही बाहेर बसून तासाचे पैसे मोजत होतो.

अगदी नवीन म्हणतात त्या गोष्टीतही हेच. मानेतल्या व्हेगस नर्व्हला छोट्या यंत्राने हलका करंट द्यायचा आणि त्याच वेळी हाताचा सराव करायचा, याला अमेरिकेत एफडीएने (औषधं-यंत्रं मंजूर करणारी तिथली सरकारी संस्था) २०२१ मध्ये मान्यता दिली. चाचणीत १०८ जण होते, सगळ्यांना स्ट्रोक होऊन किमान नऊ महिने झालेले. ठरवलेली चांगली म्हणण्याजोगी सुधारणा करंटवाल्यांत ४७ टक्के लोकांत दिसली आणि यंत्र बसवून करंट मात्र न दिलेल्यांत २४ टक्के. म्हणजे करंटने फरक पडला, मान्य. पण दोन्ही गटांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन सेशन्स आणि एका सेशनला तीनशेच्या वर हालचाली केल्या होत्या, आणि नुसत्या त्या सरावावर चौघांत एकाला फायदा झाला, तोही "आता काही नाही" म्हणायच्या काळात. करंट कितीही नवा असला तरी हात हलवायचं काम हाताच्याच मालकाला करावं लागतं.

म्हणून मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ लोनची नाही, बटणांची वाटली.

अकरा मिनिटं. तुम्ही ती लाज वाटल्यासारखी लिहिलीत, मला ती वाचून आनंद झाला. कारण अकरा मिनिटांत बटणं लागतात याचा अर्थ *लागतात*. त्या अकरा मिनिटांत उजवं मनगट किती वेळा उचललं, बोटं किती वेळा उघडली, चिमूट किती वेळा जमली आणि किती वेळा सुटली, कुणी मोजलंय का? सेंटरवाले ज्यासाठी लोन काढायला लावतायत तेच रोज सकाळी तुमच्या घरात आरशासमोर फुकट चाललेलं असतं आणि वीस सेकंदात प्रेमाने बंद केलं जातं. ताईंना अजिबात दोष देत नाहीये मी. आपल्या माणसाला बटणाशी झटापट करताना बघत उभं राहणं ही जगातली अवघड गोष्ट आहे, मी स्वतः बघू शकले नव्हते, मीही लावून टाकायचे.

याच्या मागे एक शास्त्र आहे. एडवर्ड टॉब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे मांडलं की दुखापतीनंतर हात काही दिवस चालत नाही, माणूस (किंवा माकड, सुरुवात तिथून झाली) दुसऱ्या हाताने भागवायला शिकतो, आणि मग आजारी हातात थोडी ताकद परत आली तरी तो वापरलाच जात नाही, कारण सवय मोडलेली असते. मग त्यांनी उलटं केलं, चांगल्या हातालाच जाड हातमोजा चढवून बंद करून टाकला. २००६ मध्ये याची मोठी चाचणी आली, २२२ लोक, दोन आठवडे, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळ चांगल्या हातात मोजा आणि बरोबर रोज काही तास सराव, फायदा वर्षभराने बघितला तरी होता. ही पद्धत चालते ती ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उघडतात त्यांना, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही त्यात बसू शकता. बसता की नाही हे मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्या. फिजिओ नाही, ओटी, हाताच्या बारीक कामांचा माणूस वेगळा असतो आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

घरी करायचं झालं तर आधी दिवसाला दोन तास बसून करायची कामं, डाव्या हातात जाड मोजा. चालताना मोजा काढायचाच, काठी डाव्या हातात असते तुमच्या. जिन्यावर, बाथरूममध्ये, गरम वस्तूंपाशी पण नाही. खांदा दुखायला लागला तर थांबायचं, आणि तो हात धरून कुणी ओढून उठवत असेल तर आजपासून बंद, स्ट्रोकचा खांदा त्यानेच बिघडतो.

सोडण्याबद्दल एक बारीक गोष्ट. घाई केली, चिडलात, कुणी बघतंय असं वाटलं की मूठ अजून आवळते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा काचेचा ग्लास बाजूला ठेवा, प्लॅस्टिकचा घ्या, रिकामा, कोपर टेबलावर टेकवा, आणि सोडायच्या वेळी मनगट जरासं खाली झुकू द्या, मनगट झुकलं की बोटं आपोआप थोडी सैल पडतात. मग ग्लास टेबलावर टेकवून बोटं काढायची, उचलायचा विचार नंतर. बोटं डाव्या हाताने खेचून सरळ करू नका. एवढं करूनही मूठ सुटत नसेल तर न्यूरोलॉजिस्टला किंवा रिहॅबच्या डॉक्टरला बोटॉक्सबद्दल विचारा, हो तेच चेहऱ्याला लावतात ते, आखडलेल्या स्नायूत देतात आणि साधारण तीन महिने तो ढिला राहतो. पण इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर तीन महिन्यांनी परत जैसे थे, ते घेतल्यावर सराव दुप्पट करायचा असतो.

मुलांचं आता. तुम्ही हो आणि नाही या दोनच चिठ्ठ्या टाकल्यात. तिसरी अशी की "आत्ता नाही, आधी सहा आठवडे माझ्या पद्धतीने". मुलांना एक दिवस बसवा आणि फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, चार बटणं लावायला किती मिनिटं, एका मिनिटात किती छोटे ठोकळे एका डब्यातून दुसऱ्यात जातात (ही खरीखुरी टेस्ट आहे, ओटी लोक हीच वापरतात), ग्लास पकडून सोडायला किती सेकंद. मग सहा आठवडे, ओटी आठवड्यातून एक-दोनदा, बाकी घरी, आणि रोज किती वेळा हात हलला ते एका मुलाने वहीत लिहायचं. मुलांना काहीतरी करायचंय हो, बापाचा हात असा बघून त्यांचा जीव वर-खाली होतोय आणि लोन काढणं एवढीच गोष्ट त्यांना सुचलीय, त्यांना वही द्या. सहा आठवड्यांनी तोच व्हिडिओ परत. काही हललं असेल तर कशाने हललं ते कळेल, आणि तेव्हा सेंटरला जावंसं वाटलं तर हातात आकडे घेऊन जाल.

त्या सेंटरला आधी फोन करून विचारायला लावा, एका सेशनमध्ये माझा हात किती वेळा हलेल, मशीनशिवायचा सराव किती तास, माझ्यासारखा, चौदा महिने झालेला, बोटं थोडी उघडणारा पेशंट घेतलात तर तीन महिन्यांनी तो काय करू शकतो, आणि आधी दोन आठवडे राहून बघता येतं का. नीट उत्तर देणारं सेंटर चांगलंच असेल, कदाचित जायलाही हरकत नाही. "शंभर टक्के फरक पडतो सर" म्हणाले की फोन ठेवा. बरोबर स्टेम सेलचं इंजेक्शन पण घ्या म्हणाले तर त्याच्याही आधी ठेवा, स्ट्रोकच्या हातासाठी ते अजून सिद्ध झालेलं नाही. घर तारण ठेवून तर बिलकुल नाही, हे माझं मत, मुलांना राग आला तरी.

आणि तुम्हाला हे सगळंच नको असेल तर? चौदा महिने "हात वर करा बाबा" ऐकून माणूस विटतो. हात हा तुमचा आहे, घरातल्यांचा प्रोजेक्ट नाही. डाव्या हाताने सही शिकायची, बँकेला अर्ज देऊन सहीचा नमुना बदलून घ्यायचा, बटणांच्या जागी वेल्क्रो लावून घ्यायचं, हेही रिहॅबच आहे, ओटी तेही शिकवतात आणि त्याला हात टेकणं म्हणत नाहीत. मला वाटतं डावी सही तर काहीही ठरलं तरी शिकाच, महिना-दीड महिन्याचं काम असेल, आणि तो शाईचा पॅड तुमच्या पुढ्यातून जाईल. पण एक बघा, हे "नको" हाताबद्दल आहे की सगळ्याबद्दलच? झोप, लोकांना भेटणं, आवडीच्या गोष्टी, त्याही नको झाल्यात का? स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला डिप्रेशन येतं, ते आळशीपणासारखं दिसतं आणि घरचे त्याला "मनावर घ्या जरा" म्हणतात. डॉक्टरला हे वेगळं सांगा, औषध असतं त्याला. (त्याच औषधाने हातही सुधारतो अशी एक आशा होती, पण २०१८ मध्ये तीन हजारांवर लोकांत बघितलं, फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या औषधाने हातापायाला फायदा झाला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा मूडसाठी डॉक्टरने दिलं तर घ्या, हातासाठी कुणी सुचवलं तर नको.) बीपीच्या गोळ्या चुकवत नाही आहात असं धरून चालते.

हे वाचणारे बाकीचे, ज्यांच्या घरात स्ट्रोक नाही, मणक्याची दुखापत आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी: तुमच्याकडची बातमी वेगळी आणि खरंच मोठी आहे. मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांच्या हातासाठी त्वचेवरून करंट देणारं एक यंत्र, ऑपरेशन न करता, २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झालं, ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्के लोकांना फायदा दिसला. स्ट्रोकवाल्यांनी ते आपल्यासाठी समजू नये. आणि तिथेही करंट सरावाच्या बरोबरच दिलाय, एकटा नाही.

तर अंगठाबहाद्दर, मुलांना हे वाचायला द्या, समोर बसून बोलणं जड जात असेल तर नुसतं फॉरवर्ड करा. शर्टाची खालची दोन बटणं उद्यापासून तुमची, वरची ताईंना लावू द्या, त्यांनाही सकाळची कामं असतात. जमली की तिसरं मागून घ्या. आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा फोन उजव्या हातात धरून डाव्या अंगठ्याने टाइप करा, मांडीवर उशी ठेवून, कारण पाचेक वेळा पडणार आहे.